घड्याळाचे बारा आणि सोलापूरचे बारा : खगोलशास्त्राच्या प्रकल्पाच्या नोंदी

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार

प्रकल्पाचा विषय आज सरांनी मान्य केला : सोलापुरात सूर्य मध्यान्ही नेमका किती वाजता येतो आणि त्या क्षणी सावली किती लांब पडते. कालावधी मार्चअखेरपर्यंत. मी वाणिज्य शाखेची. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या विद्याशाखेतला एक विषय घ्यावाच लागतो, तिथे मी 'खगोलशास्त्राची ओळख' निवडली. वर्गात सगळ्या शाखांची मुले आहेत. प्रत्येक आकडा स्वतः मोजलेला हवा आणि त्यात किती इकडेतिकडे होऊ शकते तेही लिहायला हवे, एवढीच सरांची अट. दुर्बिणीची गरज नाही.

हा विषय मी आवडीने मागून घेतला. दूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे सुंदर असतात, पण ती बघताना मला एकच प्रश्न पडतो, हे यांना कळले कसे? त्याचे उत्तर चित्रात नसते. सावली मात्र आमच्या गच्चीवर पडते, ती मला मोजता येते.

आधी कागदावर अंदाज बांधला. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. सोलापूर ७५.९ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, तेव्हा ६.६ अंशांना साधारण २६ मिनिटे. म्हणजे आपल्याकडे सूर्य १२ वाजून २६ मिनिटांनी माथ्याच्या रेषेवर यायला हवा. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. मुंबई तर त्यानंतरही १९५५ पर्यंत स्वतःची वेळ पाळत होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. आजीला विचारले, तर ती म्हणाली, "आमच्या लहानपणी घड्याळ कुणाच्या घरात होतं? गिरणीचा भोंगा झाला की वेळ कळायची."

२० ऑक्टोबर, रविवार

यंत्र उभे राहिले. काठी रोवायची आणि सावली मोजायची, हे ऐकायला सोपे आहे. अडचण अशी, की सावलीच्या टोकाला धार नसते. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद आहे. मीटरभर उंच काठीच्या सावलीचे टोक त्यामुळे सेंटिमीटरभर तरी पुसट असते, आणि टोक नेमके कुठे धरायचे यावरच दोघांचे एकमत होत नाही.

सरांनी सुचवले, टोकाऐवजी भोक वापर. अण्णांच्या कारखान्यातल्या भंगारातून ॲल्युमिनियमचा एक पत्रा मिळाला. त्याला ४ मिलिमीटरचे भोक पाडले आणि लोखंडी अँगलच्या घोडीवर तो आडवा बसवला. पत्र्याच्या सावलीत मधोमध उजेडाचा एक लहानसा लंबगोल पडतो, तेच सूर्याचे बिंब. त्याचा मध्य पेन्सिलीने मिलिमीटरभराच्या फरकाने सहज धरता येतो.

खरी मेहनत जमिनीची. गच्ची डोळ्यांना सपाट दिसते, पण पावसाचे पाणी जावे म्हणून तिला पन्हाळीकडे उतार दिलेला असतो, आणि त्या उताराने सगळी मोजणी बिघडते. शेजारच्या गवंडीमामांनी प्लायवूडची फळी मांडली, खाली पाचरी सारून पाण्याच्या नळीने चारही कोपरे पातळीत आणले. मग भोकाच्या बरोबर मध्यातून ओळंबा सोडला. ओळंब्याचे टोक फळीवर टेकते तो बिंदू माझा शून्य. भोकापासून फळीपर्यंत १०० सेंटिमीटर. मामा म्हणाले, "ताई, ओळंबा वाऱ्यानं हलायचा थांबंपर्यंत खूण करायची नाही." तसेच केले. फळीच्या पायाभोवती विटा रचल्या आहेत, घरात सगळ्यांना सांगून ठेवले आहे, वाळवण दुसऱ्या बाजूला.

सूर्याकडे थेट पाहायचे नाही, भोकातूनही नाही. बिंब कागदावरच बघायचे, हे यंत्राच्या पत्र्यावर रंगाने लिहून टाकले.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

पहिले पूर्ण वाचन. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी जवळजवळ बदलतच नाही, म्हणून 'सगळ्यात लहान सावली कधी' असे बघून मिनिट सांगता येत नाही. त्यासाठी जुनी रीत आहे, सूर्यसिद्धांतात शंकूच्या, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीच्या, प्रकरणात दिलेली. शून्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी बिंब आत येताना वर्तुळावर कुठे टेकते आणि दुपारी बाहेर जाताना कुठे टेकते, त्या दोन खुणा करायच्या. दोन्ही खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे मध्यान्ह. दिशा शोधायला चुंबक लागत नाही, मध्यान्ह शोधायला पंचांग लागत नाही.

आजचे वाचन : सकाळी १० वाजून ४१ मिनिटे, दुपारी १ वाजून ३९ मिनिटे. मध्य १२ वाजून १० मिनिटे. फार तर मिनिटभर इकडेतिकडे.

अंदाज १२.२६ चा होता, सूर्य १६ मिनिटे आधीच येऊन गेला. दुसरे वर्तुळ, तिसरे वर्तुळ, सगळ्यांतून तेच उत्तर. मोबाइलचे घड्याळ तपासले, फळीची पातळी तपासली, दोन्ही बरोबर. म्हणजे हा फरक सूर्याचाच आहे.

ओवाळून घ्यायला जळगावहून मामेभाऊ आला आहे. जेवण झाल्यावर तो फळीपाशी बसून सगळे ऐकत राहिला. "आमच्या गच्चीवर पण मांडू का गं असंच एक?" त्याने विचारले. नकाशा उघडला आणि मला आनंदच झाला. जळगाव ७५.६ रेखांशावर आहे, सोलापूर ७५.९ वर. दोन्ही गावे जवळपास एकाच उभ्या रेषेत. पृथ्वीचा घेर मोजायला यापेक्षा चांगली जोडी महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. दादा पत्र्याचे माप, भोकाचे माप, सगळे लिहून घेऊन गेला.

११ नोव्हेंबर, सोमवार

१६ मिनिटांचा उलगडा आज वर्गात झाला. कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळतात. एक, पृथ्वीची कक्षा नेमके वर्तुळ नाही. सूर्याजवळ असताना ती सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर वेगाने जाते, दूर असताना २९.३. दुसरे, पृथ्वीचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्याची वाट विषुववृत्ताला तिरकी आहे. तो रोज तेवढाच सरकला तरी पूर्वेकडचा त्याचा हिस्सा रोज सारखा भरत नाही. घड्याळ सरासरी सूर्यावर चालते, खरा सूर्य कधी त्याच्या पुढे असतो, कधी मागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सगळ्यात पुढे असतो.

सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. आपल्या ज्योतिर्गणितात या दोन्ही कारणांसाठी दोन वेगळे संस्कार आहेत, भुजांतर आणि उदयांतर. उदयांतर म्हणजे या तिरकसपणाचा हिशेब, भास्कराचार्यांनी तो मांडला आहे. त्यांचा सिद्धांतशिरोमणी ११५० चा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्या ग्रंथाच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख पाटणला आहे, चाळीसगावजवळ, जळगाव जिल्ह्यातच. दादाला लगेच कळवले. तो पाटणादेवीला अनेकदा गेला आहे, शिलालेखाचे त्याला माहीत नव्हते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मध्यान्ह रोज थोडी थोडी पुढे सरकते आहे, हे वहीतल्या वाचनांवरून आता स्पष्ट आहे. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पण सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबर सरतानाच होऊन जातो. आणि सर्वांत उशिरा सूर्योदय पार जानेवारीच्या उत्तरार्धात. दिवस लहान-मोठा होत असताना त्याचा मध्यच घड्याळावर सरकत असतो, म्हणून दोन्ही टोके सारखी हलत नाहीत. अण्णा पहाटे कारखाना उघडतात. ते म्हणाले, "संक्रांत झाली तरी सकाळचा अंधार हटत नाही, हे मी कधीचं बघतोय." त्यांच्या बघण्याला आता आकडा आहे.

७ डिसेंबर, शनिवार

गुरू आज प्रतियुतीत, सूर्याच्या बरोबर समोर. संध्याकाळी पूर्वेला उगवला, रोहिणीच्या जवळ. कॉलेजची १० × ५० ची द्विनेत्री मिळाली होती. हाताने धरली की सगळे थरथरते, म्हणून गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर टेकवली. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके, त्याचे चंद्र. पुढच्या संध्याकाळी तेच ठिपके वेगळ्या जागी असतात. सर्वांत आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, सर्वांत बाहेरचा कॅलिस्टो साधारण १७ दिवसांत. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच पाहिले आणि वहीत टिपत गेला. सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते असे नाही, याचा तो पुरावा होता. आजही कोणालाही आठवडाभरात स्वतःच्या डोळ्यांनी मिळतो.

आज गुरू ६१ कोटी किलोमीटरवर. मी पाहिलेला उजेड तिथून ३४ मिनिटांपूर्वी निघालेला होता.

२१ डिसेंबर, शनिवार

सगळ्यात मोठा दिवस माझ्या प्रकल्पातला, आकाशात मात्र सर्वांत लहान. सूर्य आज मकरवृत्तावर, आणि योगायोगाने तो क्षणही दुपारचाच, २ वाजून ५० मिनिटांचा; म्हणून मध्यान्हीचे वाचन अगदी चोख.

सोलापूर : मध्यान्ह १२ वाजून २४-२५ मिनिटे, सावली ८७.५ सेंटिमीटर.
जळगाव : मध्यान्ह त्यानंतर मिनिटभराने, सावली ९८.६ सेंटिमीटर.

१०० सेंटिमीटर उंचीला ८७.५ सावली म्हणजे सूर्य माथ्यापासून ४१.२ अंश खाली. ९८.६ म्हणजे ४४.६ अंश. फरक ३.४ अंश. सूर्य इतका दूर आहे, की दोन्ही गावांत त्याचे किरण समांतरच येतात. मग हा ३.४ अंशांचा फरक आला कुठून? तो पृथ्वीच्या पाठीच्या बाकाचा आहे. जळगावची 'वर' आणि सोलापूरची 'वर' या दोन दिशा ३.४ अंशांनी वेगळ्या आहेत.

एसटीच्या रस्त्याचे अंतर इथे चालत नाही, रस्ता वळणे घेतो. नकाशावर पट्टीने फक्त उत्तर-दक्षिण अंतर काढले, ३७१ किलोमीटर. ३.४ अंशांना ३७१, तर ३६० अंशांना साधारण ३९,३००. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा घेर ४०,००८ किलोमीटर आहे. फरक २ टक्क्यांच्या आत. दोन पत्रे, दोन ओळंबे आणि एक फोन, एवढ्यावर.

एराटोस्थेनिसने इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या दोन गावांतून हेच केले. त्याचा कोन ७.२ अंश होता, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. माझा कोन त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून मिलिमीटरची चूक मला जास्त महाग पडते : सावलीत ३ मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तर घेरात हजारभर किलोमीटरचा फरक येतो. हे अहवालात ठळक लिहायचे आहे.

दादा फोनवर म्हणाला, "आत्तापर्यंत पुस्तकातली पृथ्वी गोल होती, आज आमच्या गच्चीवरची पण झाली."

२५ डिसेंबर, बुधवार

आज खरा सूर्य आणि घड्याळाचा सरासरी सूर्य बरोबरीने चालतात, दोघांतला फरक जवळपास शून्य. म्हणून आजची मध्यान्ह थेट रेखांश सांगते. ११ वाजून २ मिनिटे आणि १ वाजून ५० मिनिटे, मध्य १२.२६. २६ भागिले ४ म्हणजे ६.५ अंश. ८२.५ मधून ६.५ वजा, ७६. नकाशा म्हणतो ७५.९. समुद्रावर रेखांश काढायला माणसाने शतके घालवली, कारण त्यांच्याकडे हलत्या जहाजावर बरोबर चालणारे घड्याळ नव्हते. मला ते खिशात मिळाले आहे, तेव्हा यात माझे श्रेय थोडे आहे.

२८ डिसेंबर, शनिवार, रात्र

नान्नजच्या बाजूला मैत्रिणीची वस्ती आहे. माळढोकाच्या माळरानाकडचा भाग, गावाचे दिवे लांब. चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. संध्याकाळी हुरडा, त्याबरोबर शेंगाचटणी, मग जागरण. मैत्रिणीचे आजोबा घोंगडी पांघरून आमच्याजवळ बसले होते.

काम दोन ताऱ्यांचे. कोनमापकाला ओळंबा आणि एका कडेला नळी बांधून उंची मोजली. ध्रुव : १८ अंश. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे आणि माझे यंत्र अर्धा अंश चुकू शकते, तेव्हा हे ठीक. मग दक्षिणेला अगस्त्य. रात्री १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास तो सर्वांत उंच आला, तरी उंची फक्त साडेएकोणीस अंश, ज्वारीच्या शेंड्यांवर थोडासाच. अगस्त्य विषुववृत्ताच्या ५२.७ अंश दक्षिणेला. ९० मधून ५२.७ आणि १९.५ वजा केले की १७.८ उरतात. दोन वेगळे तारे, आकाशाच्या दोन विरुद्ध बाजू, आणि सोलापूरचा अक्षांश दोघांनी एकच सांगितला.

आजोबांना अगस्त्य माहीत होता, पण त्यांचे बोट पहिले मृगाकडे गेले. पोटातले तीन तारे म्हणजे बाण, त्याच्या रोखाने खाली व्याध. मी त्यांना काक्षी आणि राजन्य दाखवले. एक तांबडा, एक निळसर पांढरा. वर्गात शिकलो ते हेच, की ताऱ्याचा रंग म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचे तापमान. काक्षी साडेतीन हजार केल्व्हिनच्या आसपास, राजन्य १२ हजारांच्या. "म्हणजे तांबडा तो थंड?" आजोबांनी विचारले. इतर ताऱ्यांच्या मानाने थंड, हो. "भट्टीतल्या लोखंडागत," ते म्हणाले, आणि ते अगदी बरोबर आहे. लोहाराला हा नियम भौतिकशास्त्राआधी ठाऊक होता.

आकाशगंगेचा हिवाळ्यातला पट्टा मृगाच्या शेजारून वर जाताना दिसला, फिकट पण नक्की. आमच्या घराच्या गच्चीवरून तो कधीच दिसत नाही. सोलापूरचे हिवाळी आकाश कोरडे आणि निरभ्र असते, ही आपल्या जिल्ह्याची मोठी ठेव आहे. शहराच्या दिव्यांनी खालून वर उजेड फेकणे थांबवले तर ती घरबसल्या मिळेल.

५ जानेवारी २०२५, रविवार

पृथ्वी काल संध्याकाळी सूर्याच्या सर्वांत जवळ होती, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. थंडीच्या दिवसांत सूर्य सर्वांत जवळ. ऋतू अंतरामुळे होत नाहीत, आसाच्या कलामुळे होतात, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

त्यासाठी एक जोडप्रयोग. कारखान्याचा शेड लांब आहे. दुपारी लाईट गेलेली, माग थांबलेले, शटर ओढले की आत मिट्ट काळोख. बाहेर खुर्चीवर लहान आरसा ठेवला, त्याच्यावर सेंटिमीटरभर भोक पाडलेला काळा कागद चिकटवला आणि कवडसा शटरच्या फटीतून आत सोडला. आरशापासून बरोबर २० मीटरवर ताणलेल्या पांढऱ्या टॉवेलच्या कापडावर सूर्याचे बिंब पडले. भोकाची रुंदी वजा करून व्यास १९ सेंटिमीटर. २० मीटर भागिले १९ सेंटिमीटर, १०५. म्हणजे सूर्य आपल्यापासून स्वतःच्या १०५ व्यासांइतका दूर. व्यास १३ लाख ९२ हजार किलोमीटर धरला तर अंतर १४ कोटी ६० लाखांच्या आसपास.

बिंबावर दोन-तीन फिकट डाग होते. कापडाचे असतील म्हणून कामगारांनी कापड सरकवून पाहिले. डाग बिंबाबरोबरच राहिले. सौरडाग. सूर्याचे हे साधारण ११ वर्षांचे चक्र सध्या शिखरावर आहे. मागावर काम करणारे सगळे एकेक करून कापडासमोर येऊन उभे राहिले, लाईट येईपर्यंत कोणी हलले नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

मध्यान्ह १२.३५, सावली ८१ सेंटिमीटर. होम मैदानावर गड्डा यात्रेची गर्दी, घरात तिळगूळ, पण दुपारी दोन तास गच्ची सोडली नाही.

सावली २१ डिसेंबरपासूनच आखडायला लागली आहे, साडेसहा सेंटिमीटर कमी झाली. म्हणजे उत्तरायण २४ दिवसांपूर्वी सुरू झाले, हे फळीवर दिसते. मग संक्रांत आज का? कारण संक्रांत ताऱ्यांवरून ठरते, सूर्य मकर राशीत येतो त्यावरून. आणि ऋतू आसाच्या कलावरून ठरतात. आस स्वतः सावकाश गिरक्या घेतो, एका गिरकीला सुमारे २५,८०० वर्षे. त्यामुळे संक्रांत आपल्या इंग्रजी तारखांत ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. २४ दिवसांचा हिशेब केला तर सुमारे १७०० वर्षांपूर्वी उत्तरायण आणि संक्रांत एकाच दिवशी होते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी १८६३. तेव्हा १२, आता १४, काही वर्षी १५.

दाते पंचांग निघते ते आमच्या सोलापुरातून. घरातले पंचांग आज पहिल्यांदा गणिताचे पुस्तक म्हणून वाचले. आजीला २१ डिसेंबरच्या आणि आजच्या खुणा दाखवल्या. तिने बोटांनी अंतर मोजले आणि म्हणाली, "तिळातिळानं नाही गं, हा तर चांगलाच वाढला." सण आजच करायचा, यावर तिचा आणि माझा वाद नाही. सण ताऱ्यांचा आहे आणि तारे खरेच तिथे आहेत.

२५ जानेवारी, शनिवार

ग्रहांची रांग म्हणून मोबाइलवर बरेच फिरते आहे. शेजारपाजारची मुले गच्चीवर जमली. पश्चिमेला शुक्र आणि त्याखाली शनी, डोक्याच्या आसपास गुरू, पूर्वेला पुनर्वसूजवळ तांबडा मंगळ. मुलांना दोरा ताणून दाखवला, चारही त्याच्या आसपासच येतात. ग्रह नेहमी याच पट्ट्यात असतात, कारण त्यांच्या कक्षा जवळपास एका पातळीत आहेत. विशेष एवढेच, की सध्या चौघेही एकाच संध्याकाळी वर आहेत. अपूर्व घटना म्हणून न सांगता असे सांगितले तरी मुलांचा उत्साह कमी झाला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

११ वाजून १३, दुपारी २ वाजून ८. मध्य १२ वाजून साडेचाळीस मिनिटे. सूर्य वर्षातला सर्वांत उशिरा आज येतो. भाऊबीजेला १२.१०, आज १२.४०. तीन महिन्यांत सोलापूरची मध्यान्ह घड्याळावर अर्धा तास सरकली आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

कागदावर आडवी वेळ आणि उभी सूर्याची उंची घेऊन सगळी वाचने मांडली. वर्षभर घेतली असती तर इंग्रजी आठसारखी आकृती पुरी झाली असती. माझ्याकडे तिचा खालचा मोठा फुगवटा आला आहे. त्या फुगवट्यात कक्षेचा लंबगोलपणा आहे आणि आसाचा कलही. केपलरचा दुसरा नियम, ग्रह सूर्याजवळ वेगाने आणि दूर सावकाश जातो हा, परीक्षेत मी लिहीनच, पण तो मला समजला तो या आलेखावर.

२ मार्च, रविवार

आज दोन गोष्टी. शुक्र द्विनेत्रीतून बारीक कोरीसारखा दिसला, बीजेच्या चंद्रासारखा. तो आता पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे येत चालला आहे. शुक्राला कला आहेत म्हणजे तो सूर्याभोवती फिरतो, गॅलिलिओचा हा दुसरा पुरावा.

दुसरी, वर्णपट. जुन्या सीडीचा तुकडा आणि बुटाचे खोके, एका बाजूला ब्लेडने पाडलेली फट. सूर्यप्रकाशाचा पट्टा सलग. ट्यूबलाइटचा तुटक, त्यात पाऱ्याची हिरवी रेघ एकटी ठळक. अण्णा रंगाचा नमुना ट्यूबलाइटखाली कधीच पसंत करत नाहीत, दारात उन्हात नेऊन बघतात. का, ते खोक्यात दिसले : ट्यूबच्या उजेडात काही रंग पुरेसे नसतातच, मग सुतावरून ते परत येणार कसे?

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरला जान्सेनने आणि जमखंडीला लेफ्टनंट हर्शेलने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. जमखंडी आपल्या विजापूर रस्त्यानेच पुढे. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात सोडियमच्या शेजारी एक पिवळी रेघ सापडली, पृथ्वीवरच्या कोणत्याही द्रव्याशी न जुळणारी. तो हेलियम. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये मिळाला.

२० मार्च, गुरुवार

विषुवदिन. मध्यान्ह १२.३४, सावली ३१.७ सेंटिमीटर, कोन १७.६ अंश. आज सूर्य विषुववृत्तावर, म्हणून हा कोनच सोलापूरचा अक्षांश. नकाशावर १७.७. आणि २१ डिसेंबरच्या ४१.२ मधून १७.६ वजा केले की २३.६, पृथ्वीच्या आसाचा कल. मान्य आकडा २३.४.

आजचे बिंब सकाळपासून फळीवर सरळ रेघेत चालले. डिसेंबरात त्याची वाट वाकडी होती. सकाळच्या खुणांना पट्टी लावली आणि दुपारच्या खुणा तिच्याच कडेला येत गेल्या.

विषुवदिनी १२ अंगुळे शंकूची मध्यान्हीची सावली म्हणजे पलभा. माझ्या मापाने ती ३ अंगुळे ४८ व्यंगुळे (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग). आजीने पंचांगात पलभा हा शब्द आयुष्यभर पाहिला आहे. तिने माझ्या वहीत तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.

२९ मार्च, शनिवार

तोंडी परीक्षा झाली. पहिलाच प्रश्न, "जळगावच्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा?" दादाने पाठवलेले फळीच्या पातळीचे आणि ओळंब्याचे फोटो पुढे ठेवले, ३ मिलिमीटरला हजार किलोमीटर हा हिशेब सांगितला. बराच वेळ त्यावरच बोलणे झाले. मी सरांना एक विनंती केली, की पुढच्या वर्षी वर्गाची सुरुवात दीर्घिकांच्या चित्रांऐवजी पहिल्या आठवड्यात सावलीने करावी आणि दुसऱ्या गावच्या एखाद्या कॉलेजशी जोडी जमवावी.

यंत्र गच्चीवर तसेच राहणार आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य मध्यान्ही बरोबर माथ्यावर येईल आणि बिंब शून्यावर पडेल. तेव्हा माझी परीक्षा असली तर वाचन आजी घेणार आहे. तिला वर्तुळाची रीत शिकवून झाली आहे. उन्हासाठी वर जुनी चादर ताणायची, फळीवर सावली पडणार नाही अशा बेताने. जळगावला हा दिवस त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येतो, दादाने रजा टाकून ठेवली आहे.